बाटलीतला संत्रा आणि बागेतला संत्रा



देशी दारूच्या दुकानात जाऊन कोणी नुसते 'संत्रा' म्हटले, तर दुकानदार फळ देत नाही, बाटली काढून देतो. बाटलीवर पिवळ्याधमक फळाचे चित्र असते. आत असतो मळीपासून काढलेला मद्यार्क, पाणी आणि वासापुरता इसेन्स. त्या बाटलीत आपल्या बागेतले एकही फळ गेलेले नसते. आणि ज्या दिवशी ती बाटली रिकामी होते, त्याच दिवशी दुकानापासून चार कोसांवर कोणाच्या तरी बागेत आंबिया बहाराची फळे झाडाखाली सडत पडलेली असतात. व्यापारी 'छोटा माल' म्हणून नाक मुरडून गेलेला असतो. बागवान संध्याकाळी त्याच दुकानात जातो आणि पैसे मोजून 'संत्रा' मागतो.

हे चित्र आपण रोज पाहतो, म्हणून त्याचे काही वाटत नाही. या अंकात आम्ही याच विषयावर लिहायचे ठरवले आहे. विषय संत्र्याचा, मद्याचा आणि त्या दोहोंपासून होणाऱ्या गोडधोडाचा. कापूस आणि ज्वारीच्या शेतकऱ्याच्या पत्रात हे चोचले कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने शेवटपर्यंत वाचावे. यात ज्वारीही आहे, कापसाचा धडाही आहे आणि आपल्या घरातले भांडणही आहे.

सालीचा पैसा

लहानपणी संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीवर पिळून ठिणग्या उडवल्या नाहीत, असे पोर विदर्भात सापडणार नाही. सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. पिळले की तेल उडते आणि ज्योतीत पेटते. संत्र्याचा खरा वास त्या तेलात आहे, रसात फार थोडा. आपण रस पितो आणि साल उकिरड्यावर टाकतो. फार तर बायका ती वाळवून उटण्यात घालतात.

जगात या सालीवर मोठमोठे धंदे उभे राहिले. फ्रान्समध्ये आंझे नावाचे शहर आहे. तिथे क्वान्त्रो भावांनी १८४९ साली मद्याची भट्टी सुरू केली. पुढच्या पिढीतल्या एदुआर क्वान्त्रोने १८७५ च्या सुमारास संत्र्याच्या सालीचे गोड मद्य बाजारात आणले. गोड आणि कडू अशा दोन्ही जातींच्या साली मद्यार्कात भिजवायच्या, तांब्याच्या भांड्यात गाळायच्या आणि त्यात साखर-पाणी घालायचे. एवढीच कृती. मद्यार्काचे प्रमाण ४० टक्के. त्याच देशात १८८० साली ग्रां मार्निए आले. त्यात द्राक्षाच्या जुन्या ब्रँडीला कडू संत्र्याच्या सालीचा वास दिलेला असतो.

आता लक्षात घ्या, आंझेच्या थंड हवेत संत्र्याच्या बागा नाहीत. साल बाहेरच्या देशांतून येते, बरीचशी वाळलेली. म्हणजे ज्यांच्याकडे झाड नाही ते सालीचे धनी झाले आणि ज्यांच्याकडे लाखो झाडे आहेत ते सालीला कचरा म्हणतात.

दुसरी गोष्ट आपल्या कोरडवाहू मंडळींच्या जास्त जवळची आहे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ क्युरासाव नावाचे एक बेट आहे. पाऊस कमी, जमीन खडकाळ. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे गोड संत्र्याची झाडे लावली. पाण्यावाचून ती सुधारली नाहीत. फळ लहान आले, हिरवे राहिले आणि इतके कडू झाले की तोंडात घालवेना. आपल्याकडच्या एखाद्या साहेबाने सल्ला दिला असता, 'झाडे तोडा आणि दुसरे पीक घ्या.' पण कोणाच्या तरी ध्यानात आले की फळ वाया गेले तरी साल भलतीच सुगंधी आहे. ती साल उन्हात वाळवून तिचे मद्य निघू लागले. त्या कडू फळाला तिथे लाराहा म्हणतात. बेटाचे नाव त्या मद्यालाच चिकटले आणि आज जगभर 'क्युरासाव' म्हणून ते ओळखले जाते. नापिकीच्या जमिनीतल्या नापसंत फळाने बेटाचे नाव केले.

आपला नागपुरी संत्रा तर गोड आहे, सैल सालीचा आहे. नुसत्या नखाने साल निघते. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे. एवढे असून आपला व्यवहार एकच, झाडावरचा माल खोटीने व्यापाऱ्याला देणे. बांगलादेश हा मोठा गिऱ्हाईक होता. २०१९ पासून त्याने आयात शुल्क वाढवत नेले आणि वरुड-मोर्शीचा भाव पडला. ताजे फळ थांबत नाही. तोडले की आठ-पंधरा दिवसांत विकावे लागते, म्हणून समोरचा म्हणेल तो भाव. वाळलेली साल मात्र वर्षभर थांबते. ज्याचा माल थांबू शकतो, त्याला भाव मागता येतो.

घरात काय करता येते

गेल्या बहारात आम्ही काही जणांनी घरी करून पाहिले. सांगायला लाज नाही, पहिल्या खेपेला बरेच बिघडले. जे जमले ते इथे देतो.

पहिली साखर-साल. ज्या झाडावर तोडणीच्या तोंडावर फवारणी केली, त्याची साल घ्यायची नाही. ती औषधासह पोटात जाईल. फळे कोमट पाण्यात चोळून धुवावीत. चार संत्र्यांची साल काढून आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा, कडूपणा त्यात असतो. साल बारीक चिरून एक वाटी साखरेत हाताने चोळावी आणि झाकून रात्रभर ठेवावी. सकाळी साखर ओलसर होते आणि सगळे घर घमघमते. साखरेने सालीतले तेल ओढून घेतलेले असते. ही साखर शिऱ्यात, खिरीत, शेवयांत घाला. बाजारच्या इसेन्सची बाटली लागत नाही.

दुसरी पाकातली साल. पांढरा भाग काढलेल्या सालीच्या पट्ट्या पाण्यात उकळून ते पाणी फेकायचे. असे दोन-तीनदा केले की कडूपणा जातो. मग सालीच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात त्या पारदर्शक होईपर्यंत शिजवायच्या, सुपात पसरून वाळवायच्या आणि वरून पिठीसाखर लावायची. आपली साल पातळ, लवकर शिजते. बरणीत महिने टिकते. पोरांना आवडते आणि पाहुण्यापुढे ठेवता येते.

तिसरी, फोडींची वाटी. हा फ्रान्स-इटलीकडचा अगदी साधा गोड पदार्थ. संत्र्याच्या फोडींचे दोरे, पापुद्रा आणि बिया काढायच्या. त्यावर साखर-साल भुरभुरायची आणि वाटी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ दोन तास ठेवायची. तिकडे मोठ्यांच्या वाटीत चमचाभर संत्र्याचे मद्य किंवा ब्रँडी घालतात. मद्य वास उचलून धरते, एवढेच त्याचे काम. नाही घातले तरी पदार्थ बिघडत नाही. आमच्या घरी ते न घालताच वाट्या चाटून पुसून गेल्या.

चौथा पदार्थ म्हणजे आपल्या धिरड्याची विलायती बहीण. तिचे नाव क्रेप सुझेत. एक वाटी मैदा, दोन अंडी, दीड वाटी दूध, चिमूटभर मीठ. पातळ भिजवून तव्यावर कागदासारखी धिरडी काढायची. दुसऱ्या भांड्यात लोणी आणि साखर तापवायची, सालीचा कीस आणि संत्र्याचा रस घालायचा. धिरडी घडी करून त्या रसात बुडवायची. तिकडच्या हॉटेलात वरून संत्र्याचे मद्य ओतून काडी लावतात आणि निळी ज्योत उठते. गिऱ्हाईक त्या ज्योतीचे पैसे मोजतो. आम्ही ज्वारीच्या पिठात थोडी कणीक मिसळून ताकात धिरडी केली, लोणी आणि गुळात संत्र्याची साल परतली, भांडे खाली उतरवले आणि मग रस घातला. रस चुलीवर उकळू द्यायचा नाही. नागपुरी संत्र्याचा रस तापला किंवा तासन् तास ठेवला की कडू होतो. बिया आणि पापुद्रे चिरडले तर आणखीच. रसाच्या कारखान्यांना छळणारा दोष हाच, म्हणून रस हलक्या हाताने काढा आणि लगेच वापरा.

आता पेयांचे. शहरातल्या हॉटेलात 'कॉकटेल' म्हणून जे शंभरांनी रुपये घेऊन देतात त्यात गूढ काही नाही. व्होडका आणि संत्र्याचा रस मिसळला की स्क्रूड्रायव्हर. दोन भाग ब्रँडी, एक भाग संत्र्याचे मद्य, एक भाग लिंबाचा रस आणि बर्फ, हे झाले साइडकार. ब्रँडीच्या जागी मेक्सिकोतली टकिला घातली की मार्गारिटा. तिन्हींत चव आणतो तो संत्रा आणि लिंबू. मद्य कुठलेही असते, फळ मात्र शेतातलेच लागते. हॉटेलच्या त्या ग्लासाच्या किमतीतला किती हिस्सा फळ पिकवणाऱ्याला जातो, ते वाचकांनी आपापल्या पट्टीच्या पावतीवरून ताडून पाहावे.

मद्य न घालता हेच पेय करायचे तर ताज्या रसात अर्धे लिंबू पिळा, साखर-सालीचा पाक, चिमूटभर काळे मीठ आणि गार सोडा घाला. वर्धा आणि गडचिरोलीतल्या वाचकांना हेच करायचे आहे, तिथे दारूबंदी आहे. आणि ज्यांच्या घरात कोणाला दारूचे व्यसन आहे, त्यांनी मद्याचा थेंबही पदार्थासाठी म्हणून घरात आणू नये. वाटीतला चमचा आणि खिशातली बाटली यांच्यात फार अंतर नसते.

ज्वारीचे काय?

चीनमध्ये ज्वारीला काओलियांग म्हणतात आणि तिथले नामांकित मद्य ज्वारीचेच असते. क्वेइचौ प्रांतातल्या माओताई गावचे मद्य ज्वारी आणि गव्हाच्या आंबवणापासून निघते, ५३ टक्क्यांचे. ते काढणारी कंपनी २०२० साली चीनच्या शेअरबाजारातली सर्वांत जास्त किमतीची कंपनी ठरली, बँकांनाही मागे टाकून. आपण जिला गरिबाची भाकर आणि ढोरांचा कडबा म्हणून हिणवतो, त्या धान्याची ही गोष्ट आहे.

तैवानच्या ताब्यात किनमेन नावाचे एक बेट आहे. वारा फार, पाणी कमी, भात पिकत नाही. १९५० च्या दशकात तिथे मोठे सैन्य होते आणि सैन्याला मद्य हवे होते. तिथल्या सेनापतीने शेतकऱ्यांना सांगितले, ज्वारी पेरा, एका वजनाच्या ज्वारीला तितक्याच वजनाचा तांदूळ देतो. शेतकऱ्यांनी ज्वारी पेरली. तिच्यापासून निघालेले ५८ टक्क्यांचे मद्य आज त्या बेटाचा मुख्य धंदा आहे आणि कारखान्याच्या नफ्यावर तिथल्या जिल्ह्याचा कारभार चालतो.

ज्वारीला तांदळाचा भाव! हे वाक्य पुन्हा वाचा. व्याख्यानांनी तिथे ज्वारी वाढली नाही. तिला गिऱ्हाईक मिळाला म्हणून ती वाढली. आमच्याकडे खरिपाची ज्वारी सोयाबीनने हुसकून लावली. जी उरते ती कणसात दाणा भरताना पावसात सापडली की काळी पडते. काळी ज्वारी बाजारात नेली की अडत्या मूठभर हातात घेऊन फेकून देतो. मद्यार्काच्या कारखान्याला तो दाणा चालतो. पण कारखाना आपला नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माओताई असो वा किनमेन, दोन्हीकडे मोठी मालकी सरकारकडे आहे. शेतकऱ्याच्या हाती भट्टी तिथेही आली नाही. म्हणून त्यांची नक्कल करा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच दाखवतो की माल हलका नव्हता, माल घेणारा हलका होता.

परवाना कोणाच्या खिशात?

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणे, बनवणे, विकणे हा गुन्हा. त्यामुळे ज्याने फळ पिकवले त्याला त्याच्यावर ही प्रक्रिया करता येत नाही. कापूसवाल्यांना हे नवे नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदी योजनेत आपला कापूस सरकारलाच द्यावा लागे. सीमेपलीकडे गाडी नेली तर स्वतःच्याच मालाचे आपण चोर ठरत होतो. २००२ साली खाजगी खरेदीची वाट मोकळी झाली, तोवर एक पिढी खपली.

पण कायदा सगळ्यांना सारखा कडक नाही. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले आणि नाशिक-सांगलीकडच्या वाइनला सवलती दिल्या. चांगले केले. २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आले. त्यावर 'अन्नाची दारू करता' म्हणून मोठा गदारोळ झाला. दोन्ही बाजू आपापल्या परीने बोलल्या. ज्वारी पिकवणाऱ्याला कोणी विचारले नाही. परवाना कोट्यवधी घालू शकणाऱ्या कारखान्याला, शेतकऱ्याला पुन्हा तीच कच्च्या मालाची पावती.

शेजारी काय चालले आहे तेही पाहा. गोव्यात काजूच्या बोंडाची फेणी गावोगावच्या छोट्या भट्ट्यांवर परवान्याने निघते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा म्हणून मान दिला. सीमेच्या अलीकडे सिंधुदुर्गात तेच बोंड बागेत कुजते. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये नियम करून आदिवासी बचतगटांना मोहाची दारू गाळून विकायची कायदेशीर वाट काढून दिली. म्हणजे छोट्या माणसाला परवाना देता येतो. द्यायचा की नाही हा मनाचा प्रश्न आहे.

बहिणींचा सवाल

हा मजकूर आम्ही छापण्याआधी एका बैठकीत वाचून दाखवला. मागे बसलेली एक वडीलधारी बाई उठली आणि म्हणाली, "काहून भाऊ, आता बैठकीत दारूचे धडे देता का आमाले? घरच्या एकाची सुटता सुटत नाई, अन् तुमी बारा जणाले शिकवता." बैठक गप्प झाली. तिच्या गावातल्या बायकांनी 'आडवी बाटली'साठी मतदान करून दुकान बंद पाडले होते. त्यासाठी तिने मार खाल्ला होता, घरचाही आणि बाहेरचाही.

तिचा सवाल टाळून पुढे जाता येत नाही. आमच्यात दोन मते आहेत, ती दोन्ही इथे मांडतो.

एक मत असे की दारूने गावाचे वाटोळे केले आहे. कर्जापायी जेवढी घरे बसली, तेवढीच दारूपायीही बसली. जो धंदा बायकोच्या अंगावरचा मणी विकायला लावतो, त्यातून मिळणारा ज्वारीचा भाव आपल्याला नको. शिवाय गल्लीत भट्टी आली की पोर चौदाव्या वर्षी प्यायला शिकेल.

दुसरे मत असे की शेतकऱ्याला प्रक्रियेपासून लांब ठेवल्याने दारू एका थेंबानेही कमी झाली नाही. मळीची बाटली खेड्याखेड्यात पोचली. जिथे परवान्याची नाही तिथे चोरीची पोचली, आणि चोरीची दारू जीव घेते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. गरिबाचा पैसा जातो, जीव जातो, आणि फायदा परवानेवाल्याचा होतो. पिणारा शेतकरी, मरणारा शेतकरी, फक्त कमावणारा शेतकरी नाही.

आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे म्हणणे असे. पिण्याचा प्रश्न आणि पिकवण्याचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण ते एकाच घरात राहतात. म्हणून एकाचे उत्तर देताना दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. ज्या गावाच्या बायकांनी बाटली आडवी केली, त्या गावात परवान्याची भट्टीसुद्धा येता कामा नये. या बाबतीत आम्ही त्या माउलीच्या बाजूला उभे आहोत. जिथे गावाला, म्हणजे आधी बायकांना, मान्य असेल, तिथेच शेतकऱ्यांच्या गटाला परवाना मागावा. आणि घरच्या परसात चोरून गाळण्याचा उद्योग कोणीही करू नये. तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे तपासणीशिवायचे मद्य विष होऊ शकते.

हे बोलणे झाल्यावर ती बाई म्हणाली, "साल वाळवाले तं दारू लागत नाई ना? मंग तेथून सुरुवात करा." सगळ्या बैठकीत शहाणपणाचे बोलणे तेवढेच झाले.

मग करायचे काय?

जिल्हा बैठकीत चर्चेसाठी आम्ही चार गोष्टी ठेवत आहोत.

एक. येत्या बहारात ज्यांच्याकडे झाडे आहेत त्यांनी गळालेल्या पण न सडलेल्या फळांची आणि घरात खाल्लेल्या फळांची साल वाळवावी. साल सावलीत वाळवावी, कडक उन्हात तेल उडते. बुरशी लागलेली साल मिसळू नये. फवारणी कधी आणि कशाची केली ते वहीत लिहून ठेवावे. उद्या मोठा गिऱ्हाईक आला तर तो पहिला प्रश्न हाच विचारील. ज्यांच्याकडे फक्त कापूस आणि ज्वारी आहे, त्यांच्या बायकांनी बागवानांकडून साल घेऊन पाकातली साल करून पाहावी. भांडवल म्हणून साखर आणि सरपण पुरेसे आहे. हिशेब मात्र ठेवावा. साल किती, साखर किती, मजुरी किती, विकली किती. मजुरी धरल्याशिवाय नफा मोजायचा नाही. शेतीत ती चूक आपण पिढ्यान् पिढ्या केली, इथे नको.

दोन. ज्या बाटलीवर संत्र्याचे चित्र आहे किंवा नाव आहे, तिच्यात संत्र्याचा रस किंवा सालीचा अर्क असलाच पाहिजे, नाहीतर चित्र काढून टाकावे, अशी मागणी सरकारकडे करावी. यात कोणाला जास्त दारू पाजायची नाही. आमच्या फळाचे नाव फुकट वापरणे बंद करायचे आहे, एवढेच. हीच मागणी संत्र्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या सरबतांना आणि गोळ्यांनाही लागू करावी.

तीन. द्राक्षाला जी वाट दिली ती संत्रा, ज्वारी आणि मोहालाही द्यावी. शेतकऱ्यांच्या गटाला छोट्या क्षमतेचा परवाना, त्याला झेपेल एवढी फी आणि जवळच्या प्रयोगशाळेत प्रत्येक घाण्याची तपासणी. गावातल्या बायकांची बहुमताने संमती असल्याशिवाय परवाना नाही, ही अट आम्हीच घालून मागणी करावी.

चार. या तिसऱ्या मुद्द्यावर बैठकीत आधी बायकांचे मत घ्यावे, वेगळे बसवून. त्यांनी नको म्हटले तर आम्ही तो मुद्दा मागे घेऊ आणि पहिल्या दोहोंवर काम करू. हे आम्ही लिहून देतो, म्हणजे मागाहून कोणी शब्द फिरवायला नको.

कोणी विचारील, एवढ्याने कर्ज फिटेल का? नाही फिटणार. पाकातल्या सालीच्या बरणीने सोसायटीचे खाते बंद होत नाही आणि तसे सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, विजेचे आणि पाण्याचे भांडण जिथल्या तिथे आहे आणि ते लढावेच लागेल. पण ज्याने घरात एकदा दोन रुपयांच्या सालीचे वीस रुपये होताना पाहिले, तो बाजारात उभा राहून 'साहेब, काही तरी द्या' म्हणणार नाही. तो विचारील, 'माझ्या मालाचे पुढे काय होते आणि तो पैसा कुठे जातो?' हा प्रश्न विचारणारी माणसे प्रत्येक गावात दहा-दहा जरी झाली, तरी हा अंक छापल्याचे सार्थक झाले.

बैठकीला येताना वाळवलेली साल मूठभर घेऊन या, ज्यांनी पाकातली केली त्यांनी बरणी आणा. चाखून पाहू आणि मग बोलू.